तिच्यासाठी बसवलेली सहा बटनं

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी एक्काहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत झालेली, तीही शेताची कामं सांभाळून. पण अड्याळात आणि आजूबाजूच्या गावांत जी जरा जुनी पक्की घरं आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त घरांची लाइट फिटिंग माझ्या हातची आहे. बटन कुठे, होल्डर कुठे, मधली तार कुठून न्यायची, हे मी भिंतीकडे एकदा पाहून सांगायचो आणि ते कधी बदलावं लागलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं मी कंप्यूटर क्लासात बारावीच्या पोरींच्या रांगेत जाऊन बसलो, ते वाचून कोणाला माझी कीव येऊ नये.

त्या वर्षी मे महिन्यात बायकोला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय पुढं थोडा हलू लागला. बोलणं नाही आलं. समजायचं तिला सगळं. कोण आलं, कोण गेलं, मी कोणती भाजी आणली, सगळं. पण सांगायला गेली की तोंडातून फक्त "बा, बा, बा" निघायचं. पाणी पाहिजे तरी तेच आणि राग आला तरी तेच. मी मडकं दाखवायचो, मान नाही. चादर दाखवायचो, मान नाही. चार वस्तू दाखवेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ती भिंतीकडे तोंड करायची.

मुलगा पुण्याला असतो. त्यानं फोनवर सांगितलं, "बाबा, याचे ॲप असतात. चित्रावर बोट ठेवलं की झालं." आणि दुरूनच माझ्या फोनात ते टाकूनही दिलं. जेवणाच्या चित्रावर गोल पाव होता, त्यात काहीतरी भरलेलं. पाण्याच्या चित्रावर चकचकीत नळ. आमच्या घरी पाणी मडक्यात असते आणि जेवण म्हणजे भात. बायकोनं तो पाव पाहिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच फोन बंद करून टाकला.

मग मी पुठ्ठ्यावर आमच्याच वस्तूंचे फोटो चिकटवले. तिचा डावा हात थरथरायचा. बोट दोन फोटोंच्या मधे टेकायचं. मला वाटायचं पाणी, तिला पाहिजे असायचा चहा. तेव्हा माझ्या डोक्यात बसलं की इथं बटनच पाहिजे. बटन दाबलं की काहीतरी लागलं पाहिजे. म्हणजे दाबणाऱ्यालाही कळते की बरोबर दाबलं आणि समोरच्यालाही कळते.

मुलाचा जुना लॅपटॉप घरी पडून होता, काचेवर बोट लावलं तरी चालणारा. तो पिशवीत घातला आणि बसस्टँडजवळच्या क्लासात गेलो. क्लास चालवणारी बाई चाळिशीची. तिच्या सासऱ्याच्या घराची फिटिंग मीच केली होती, म्हणून ती मला काकाजी म्हणायची.

"या न काकाजी, बसा. कोणाचं नाव टाकाचं आहे? नातीचं?"

"माह्यं."

तिनं पेन खाली ठेवला. "टायपिंग येते का जी?"

"नाही."

"इंग्रजी?"

"मोटारीच्या पाटीवरचं वाचतो. एचपी, आरपीएम, व्होल्ट."

"मंग कसं जमन काकाजी?"

"तू सांग. जमते का नाही, ते मी पाहीन."

मी तिला सांगितलं, असा असा बोर्ड पाहिजे. सहा बटनं. एकावर बोट ठेवलं की त्याची वेगळी खिडकी उघडली पाहिजे, आणि त्या खिडकीत त्या वस्तूचा मोठा फोटो. ती म्हणाली, "हे तर आमी तिसऱ्या हप्त्यात शिकवतो. बटन दाबलं की दुसरी विंडो. पायथन भाषेत सोपं आहे."

"मंग तिसऱ्या हप्त्यापासूनच सुरू कर. आधीचं मले नाही पायजे."

ती हसली, पण मानली नाही. दोन हप्ते मला माझंच नाव पडद्यावर छापायला लावलं. एका बोटानं अक्षर शोधायचं आणि दाबायचं. मागं बसलेल्या पोरी आपसांत कुजबुजायच्या, "काकाजी एका ओळीले एक तास घेते." मी मागं वळून सांगितलं, "तुह्या घरचं मीटर बसवाले मले अर्धा तास लागला होता. अजून चालून राहिलं का नाही?" नंतर माझा स्वल्पविराम राहिला की त्याच सांगायच्या.

तिसऱ्या हप्त्यात मी पहिलं बटन केलं. पाण्याचं. प्रोग्राम चालू केला, आणि मी हातही लावला नसताना मडक्याची खिडकी धाडकन समोर आली. नंतर मी बटन दाबून पाहिलं, तर काहीच झालं नाही.

"शॉर्ट आहे," मी म्हणालो.

मास्तरीण माझ्या मागं येऊन उभी राहिली. "शॉर्ट नाही जी. तुमी बटनाले काम सांगून नाही ठेवलं, सोताच करून टाकलं. हे पाहा, खिडकी उघडाचं जे नाव आहे, त्याच्या म्होरं तुमी कंस घातला. कंस घातला म्हंजे आत्ताच्या आत्ता कर. बटनाले नुसतं नाव द्याचं. मंग कोणी दाबल तवाच ते करन."

मी कंस खोडला. मडकं गपगुमान बसलं. बटन दाबलं, उघडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उघडलं. मी त्या दिवशी घरी जाताना पानठेल्यावर थांबलो. तिथं कोणीतरी टोमणा मारला, "काय गा बुढा, कंप्यूटर दुरुस्त कराचं दुकान टाकतं का काय?" एरवी मी दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी नुसतं पान तोंडात घातलं.

मास्तरणीशी खरं भांडण झालं ते पुढच्या गोष्टीवरून. सहाही बटनं झाली होती. पाणी, चहा, भात, दुखते आहे, बाहेर न्या, आणि सहावं मी स्वतः. माझा फोटो वायरमनच्या लायसनवरचा, त्यात मी कोणाला तरी झापायला निघाल्यासारखा दिसतो. मी प्रत्येक खिडकीला पडद्यावर जागा ठरवून दिली होती. पाण्याची वर, चहाची तिच्याखाली, माझी उजवीकडे, भाताची माझ्या बाजूला. मास्तरीण म्हणाली, हे चूक आहे. दुसरी खिडकी उघडली की पहिली बंद व्हायला पाहिजे, आणि सगळ्या एकाच जागी उघडायला पाहिजेत. नाहीतर पडद्यावर गर्दी होते.

"मी घरात सहा बटनं बसवली, तं सहाही बल्ब एका होल्डरात लावतो का?" मी विचारलं.

"काकाजी, हे घर नाही जी."

"आन् बैठकीतला लाइट लावला का सयपाकघरातला आपोआप बंद होते, असी फिटिंग तुह्या सासऱ्याच्या घरी केली का मी? जे लावलं ते लागलेलं राहीन. बंद कराचं असन तं माणूस बंद करन."

"परीक्षेत याचे मार्क कापतात."

"माही परीक्षा नाही."

खरं सांगायचं तर मी ते करून पाहिलं होतं. मला जमलं नव्हतं. बंद करायला गेलो की मुख्य बोर्डच बंद व्हायचा. पण ते मी तिला सांगितलं नाही, आणि माझी फिटिंगची गोष्टही खोटी नव्हती.

हे सगळं चाललं असताना घरी वेगळीच गोष्ट झाली. मुलगी सासरहून, एकोडीहून आली होती, दीड महिना राहिली. जुलैत तिच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला, चिखलात उभं राहायला माणसं मिळेनात, म्हणून तिला जावं लागलं. ती गेली आणि दुसऱ्या दिवसापासून बायकोनं जेवण सोडलं.

सोडलं म्हणजे तोंडच उघडायची नाही. मऊ भात, त्यात वरण, वर थोडं तूप, चमचा ओठाला लावला की ओठ घट्ट. पेज केली, तीच गत. मी समजावलं, मग रागावलो, मग हात जोडले. ती माझ्याकडे पाहत राहायची. पाणी आणि सकाळचा बशीभर चहा मात्र बिनतक्रार घ्यायची. त्याचं कारण कोणालाच कळत नव्हतं. मुलगी फोनवर रडायची, "बाबा, माह्या हातानं तं खात होती न माय." शेजारीण येऊन भरवून पाहायची. तिच्याही हातानं नाही.

भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घोटभर पाणी पाजून गळा तपासला. म्हणाले, "गिळता येते त्यांना. तोंड उघडत नाहीत. मन खचलं असेल. वजन असंच उतरलं तर मी वाट नाही पाहणार. मंगळवारी घेऊन या, भरती करू, नाकातून नळी टाकू."

"आन् त्याच्या आधी जेवली तं?"

"दोन वेळा मिळून एक वाटी गेली, तरी नळी नको. मला फोन करा."

नळी टाकलेला माणूस मी पाहिलेला होता. माझाच मोठा भाऊ. नळी उपसू नये म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले होते. बायकोचा एकच हात चालत होता आणि तोही आता बांधणार, हे मी कोणाजवळ बोललो नाही. मंगळवारी सकाळी आठला यायला गाडीवाल्याला सांगून ठेवलं.

सोमवारी दुपारी क्लासातून प्रोग्राम घेऊन आलो. मास्तरणीनं शेवटी एकदा तपासून दिला होता, माझ्या जागांना हात न लावता. लॅपटॉप बायकोच्या खाटेवर, पाटावर ठेवला. बटनं मी तळहाताच्या निम्म्याएवढाली केली होती, म्हणजे थरथरलं तरी बोट त्यातच पडेल. तिचा डावा हात धरून एकदा पाण्यावर टेकवला. मडक्याची खिडकी उघडली. आमचंच मडकं, आमच्याच तिवईवर. ती दचकली. मग स्वतः टेकवला. पुन्हा उघडली. माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं.

शेजारीण दारातून डोकावली. "अरे बाप्पा! काकाजी, काकीले टीव्ही बनवून देल्ला का?"

"टीव्ही नाही. बोर्ड आहे."

"मंग मालिका लावा न एखादी."

मी तिला हातानं गप्प बसवलं. बायको आता दुसरं बटन शोधत होती. बोट पाण्यावरून चहावर, चहावरून खाली, आणि माझ्या फोटोवर येऊन थांबलं. दाबलं. उजवीकडे मी उघडलो, रागीट तोंडाचा.

"इथंच तं आहो मी," मी म्हणालो. "काय वो?"

तिनं भाताचं बटन दाबलं. माझ्या बाजूला भाताचं ताट उघडलं.

मी उठलो, पळत सयपाकघरात गेलो. भात मागितला! दहा दिवसांनी भात मागितला. वाटी कालवून आणली, चमचा भरला, ओठाजवळ नेला. ओठ बंद.

"अवं, तूच मांगला न?"

"बा, बा," ती म्हणाली आणि मान हलवली. नाही. मग माझ्या फोटोवर बोट मारलं. मारलं, मारलं, मारत राहिली. माझा प्रोग्राम असा होता की प्रत्येक दाबण्याला नवी खिडकी उघडायची, त्यामुळं माझ्यावर मी, त्याच्यावर पुन्हा मी, असे सात-आठ जण एकाच जागी चढले. शेजारीण म्हणाली, "तुमालेच बलावून राहिली जी. तुमच्या हातानं खाते म्हणते."

"माह्याच हातात तं चमचा आहे!"

मी कपाळाला हात लावून पडद्याकडे पाहत बसलो. उजवीकडे मी. बाजूला भाताचं ताट. दोन्ही दिवे एकदमच लागलेले. मास्तरणीच्या पद्धतीनं केलं असतं, तर भात उघडताच मी बंद झालो असतो आणि पडद्यावर नुसता भात दिसला असता. मीही मग नुसता भातच समजलो असतो. आता मी आणि भात शेजारी शेजारी होते, आणि ती एक बोट माझ्यावरून भातावर, भातावरून माझ्यावर नेत होती. तिनं भात मागितला नव्हता. तिनं विचारलं होतं. तुम्ही जेवले का?

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. त्यातल्या एकाही दिवशी ती माझ्याआधी जेवली नाही. मी पवनीकडं कुठं लांब फिटिंगला जायचो, दुपारचं जेवण संध्याकाळी व्हायचं, ती थांबलेली असायची. मी किती वेळा ओरडलो असेन. तापात पडली तरी आधी माझं ताट. तिच्या मायनं तसं केलं, माझ्या मायनं तसं केलं, त्यात विचारायचं काय, असं तिचं असायचं. आणि मीही खरंतर त्यात कधी फार लक्ष घातलं नव्हतं. ताट यायचं, मी जेवायचो.

मुलगी होती तेव्हा ती मला आधी वाढायची, खाटेसमोरच, आणि मग मायला भरवायची. मुलगी गेल्यावर मी उलटं केलं. बिमार माणसाला आधी, असं मला वाटलं. आणि ती नाही म्हणाली की वाटी झाकून मी मागच्या पडवीत जायचो, उभ्यानंच दोन घास गिळायचो. उपाशी बायकोसमोर ताट घेऊन बसायची मला लाज वाटायची. तिला मी जेवताना कधी दिसलोच नाही. तिच्या लेखी मी दहा दिवस उपाशी होतो. चहा ती का घ्यायची, तेही तेव्हाच कळलं. गरम आहे का पाहायला पहिला घोट मी तिच्यासमोर घ्यायचो.

"जेवलो मी," मी म्हणालो. "रोज जेवतो."

तिनं माझ्या सदऱ्याच्या गळ्याकडे पाहिलं. गळा ढिला झाला होता, आणि दोन्हीकडची हाडं दिसत होती. ती "बा" म्हणाली. त्यात विश्वास नव्हता.

शेजारणीला मी म्हणालो, "तू जाय वो जरा घरी."

"काहून जी?"

"जाय म्हणतो न."

ती गेली. मी सयपाकघरातून माझं ताट भरून आणलं. भात, वरण, सकाळची वांग्याची भाजी. खाटेसमोर मांडी घालून बसलो आणि जेवलो. ती माझ्या गळ्याकडे पाहत होती, गिळतो का नाही ते. मी गिळलं. दुसरा घास घेतला. तिसरा. चौथ्याला ठसका लागला, पाणी प्यालो. भात संपवला, भाजी संपवली, ताट तिच्याकडे तिरकं करून दाखवलं.

मग तिची वाटी घेतली. चमचा भरून पुढं केला. तिनं तोंड उघडलं.

एक चमचा. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून थोडं वरण ओघळलं, मी पुसलं. दुसरा. तिसऱ्याला ती थांबली, दम घेतला आणि पुन्हा तोंड उघडलं. मी चमचे मोजत नव्हतो. मी चमचा सरळ धरायच्या कामात होतो. वाटी निम्म्यावर आली तेव्हा तिनं मान फिरवली, बास.

मी पडवीत जाऊन मुलीला फोन लावला. "तुही माय जेवली," एवढंच म्हणालो आणि फोन हातात धरून पडवीच्या खांबाला टेकलो. ती तिकडून "बाबा? बाबा?" करत राहिली. शेवटी म्हणालो, "अवं, बरं आहे सगळं. रोवणा कर." संध्याकाळी पुन्हा तसंच केलं. आधी मी, मग ती. उरलेली निम्मी वाटीही गेली. छातीवर जो दगड घेऊन फिरत होतो, तो कधी उतरला ते कळलं नाही. खाटेच्या पायाशी टेकून बसल्या बसल्या मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले. मला बेताचेच जमतात, मीठ जास्त पडलं. खाटेसमोर बसून आधी माझी प्लेट खाल्ली, तिला दाखवली, मग तिला भरवले. आठला बाहेर हॉर्न वाजला. गाडीवाला मागचं दार उघडून, सीटवर चादर अंथरून उभा होता.

"काकाजी, काकीले धरून आनू का?"

"नोको. आज नाही जात."

"काहून जी? डॉक्टर वाट पाहून राहिले असन."

"त्यायले मी फोन करतो. जेवून राहिली ते."

त्यानं चादर घडी केली. मी त्याला पडवीत बसवलं, पोहे दिले, आणि तो खात होता तोवर तिथंच उभं राहून भंडाऱ्याला फोन लावला.